काळुरामच्या रानातली वाट

“चौघांच्याही परीक्षेच्या कागदांवर तुझी सही आहे, हे तुझ्या ध्यानात येतंय का?” प्रभाकरने तिसऱ्यांदा विचारलं.

“सही माझी आहे. माझ्याच ध्यानात राहणार,” उत्तरा म्हणाली.

“वहिनी, शब्दाला शब्द लावत बसू नका.” बाळने टाइप केलेला कागद टीपॉयवरून तिच्याकडे सरकवला. “एवढंच लिहिलंय, की त्या रविवारी आपल्या मंडळाची तुकडी त्या डोंगरावर गेलीच नव्हती. प्रशिक्षण तुमच्याकडे, म्हणून सही तुमची. नाहीतर मीच केली असती.”

“मग कर की.”

बाळने कागद तिथेच राहू दिला. हा प्रभाकरचा धाकटा भाऊ, डोंबिवलीतल्या डोंगरभटक्यांच्या मंडळाचा चिटणीस. सासूबाई, माई, खाली बसून वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चाळिशी उलटली तरी पँट घालून डोंगर हिंडायचे. आता पोलीस दारात आले की कळेल.”

उत्तरा बारा वर्षं हे ऐकत आली होती. आठवडाभर एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात टायपिंग करायचं, आणि रविवारी पहाटे सगळ्यांची पोळीभाजी झाकून ठेवून डोंगर गाठायचा. एकोणऐंशी साली मंडळ निघालं, तेव्हा ती हौस म्हणून गेली. पुढे तुकडी नेणारी पहिली बाई झाली, आणि मग नवे लीडर तयार करायचं काम तिच्याकडेच आलं. सहा रविवारांचं शिक्षण. दोर आणि प्रथमोपचार इतर जण शिकवत. गावात कसं वागायचं, हे उत्तरा शिकवायची. डोंगर सरकारचा असला तरी पायथ्याची वाट कुणाच्या तरी बांधावरून जाते, आणि त्याचं मन मोडलं तर वाट गेली, हे तिच्याइतकं मंडळात कुणाला कळत नव्हतं.

अंबरनाथच्या पुढच्या त्या डोंगराची वाट काळुरामच्या रानातून होती. ती उत्तरानेच मिळवली होती. काळुरामने बदल्यात काही मागितलं नाही. फक्त म्हणाला होता, “जाताना हाक माराची, बाय. रान कवा राखलेला असतो, कवा मोकला.”

राखलेलं म्हणजे गवत उभं आहे, कापून तबेल्याला जायचं आहे, तोवर कुणी पाऊल घालायचं नाही. अशा दिवसांत काळुराम स्वतः पुढे होऊन ओढ्याच्या अंगाने वळसा घालून वर पोचवायचा.

हाक मारली की त्याची बायको रंभा चहा टाकायची. एकदा अठरा जण होते. रंभाने शेजारच्या पाड्यावरून दूध आणलं, गुळाचा डबा खरवडला, आणि पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. उत्तराला ते फार लागलं. परत येताना ती सगळ्यांना बोलली, आणि पुढच्या शिबिराच्या कागदात तिने नवा नियम टाइप केला: गावकऱ्यांवर भार टाकायचा नाही, कुणाच्या दाराशी जायचं नाही, आपला चहा आपण करायचा. नियम वाचून सगळ्यांनी माना डोलावल्या. काळुरामची हाकेची अट एवढीशीच होती, आणि ती या नियमाखाली गेली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही.

नोव्हेंबरातल्या रविवारी चार जणांची शेवटची परीक्षा होती. बरोबर कुणी जायचं नाही, आपली वाट आपण काढायची. चौघेही नुकते नोकरीला लागलेले, शहाणे. पहाटे काळुरामच्या घरावरून पाय न वाजवता गेले. हाक मारली नाही. राखलेल्या गवतात शिरून सपाट जागा बघून स्टोव्ह पेटवला. भडका उडाला तसा गवताने पेट घेतला. चौघांनी पाच मिनिटं झोडपलं, मग स्टोव्ह उचलून पळाले. रॉकेलचा प्लॅस्टिकचा कॅन तिथेच राहिला.

पलीकडून रंभा ओला टहाळा घेऊन आग झोडपायला धावली. आगीजवळचा कॅन उचलून ती लांब फेकायला गेली, तो लुगड्यावर सांडला. काळुराम पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

चौघांतला एक जण सोमवारी उत्तराच्या ऑफिसच्या दारात येऊन रडला. पाड्यावर चौकशी करून बुधवारी ती ठाण्याला इस्पितळात गेली. रंभा मच्छरदाणीत होती. तिने उत्तराला ओळखलं.

“तुमच्या पोरांनी हाक का नाय मारली?” तिने विचारलं.

उत्तराकडे उत्तर होतं. स्वतः टाइप केलेलं. तिला ते बोलवलं नाही. गुरुवारी रंभा गेली.

शुक्रवारी पोलिसांनी काळुरामला नेलं. जळालेली बायको, लुगड्याला रॉकेल, आणि पाहणारं कुणी नाही. कॅन वितळून गेलेला. रंभाने जबाबात गवत पेटल्याचं सांगितलं होतं. नवऱ्याला वाचवायला बायका असंच सांगतात, असं हवालदार म्हणाला. आज मंगळवार होता.

“तो सुटेल गं,” प्रभाकरचा आवाज आता खाली आला होता. “पुरावा नसला की सोडतात.”

“कधी?”

“ते मी कसं सांगू? हे बघ, तू सही नको करूस. बाळ, तो कागद घे परत. पण आपण होऊन जाऊ नकोस. कुणी विचारलं तर बघू.”

“कोण विचारणार? काळुरामला आमची नावंसुद्धा माहीत नाहीत. मला तो बाय म्हणतो.”

“वहिनी, त्या चौघांचा विचार करा. नोकऱ्या जातील,” बाळ म्हणाला. “आणि मंडळ? बारा वर्षांचं काम आहे.”

“माहीत आहे. मीच केलंय.”

“तुझी नोकरी गेली तर?” प्रभाकर म्हणाला. “कोर्टात उभं केलं तर? या घराचं काय?”

 तिला त्याची दया आली, आणि क्षणभर वाटलं, गप्प राहणं किती सोपं आहे. कागद फाडायचा, वाल सोलायला घ्यायचे. खोटंही बोलायला नको.

“गप्प का?” माई म्हणाल्या. “ऐक त्याचं.”

उत्तराने बाळचा कागद घडी करून त्याच्या हातात दिला.

“उद्याची रजा टाकली आहे,” ती म्हणाली. “सकाळी तिथल्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब देणार आहे. चौघांची नावं सांगणार, आणि नियम माझा होता, हेही सांगणार. चौघांना मी दुपारीच कळवलंय. त्यांतला एक बरोबर येतोय. मला यायला उशीर होईल. कदाचित येता येणार नाही. माईंची गोळी अकरा वाजता असते.”