माफ करणाऱ्या बायका आणि माझा गुडघा

माझा उजवा गुडघा बदलला त्या हिवाळ्यात मी पाकिस्तानी मालिकांच्या नादी लागले. यात माझा काही दोष नाही. सर्जननं सहा आठवडे घरात बसायला सांगितलं होतं, मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावचा बर्फ ड्राइव्हवेवर ठाण मांडून होता, आणि समोरच्या घरातल्या आपा रोज दुपारी दोन वाजता हातात डबा घेऊन दारात उभ्या राहायच्या.

आपा कराचीच्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, म्हणून आपा, म्हणजे ताई. समोरासमोर राहून आम्हाला अकरा वर्षं झाली होती, पण ओळख लांबून हात हलवण्यापुरती आणि दिवाळी-ईदला डबे पोचवण्यापुरती. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "कढई नयी है. इस में कभी गोश्त नहीं पका. तसल्ली से खाइए." माझ्या शाकाहारासाठी नवी कढई विकत आणणारी बाई! मी भारावून टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात दिला. मग सहा आठवडे तो मला परत मिळाला नाही.

आपा उर्दूत बोलायच्या, मी सिनेमे बघून आलेल्या हिंदीत. त्यामुळे सुरुवातीला घोटाळे व्हायचे. एका भागात नायिका नवऱ्यासमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मुझे खुला चाहिए." मला वाटलं, घरात कोंडल्यासारखं होतंय बिचारीला, जरा मोकळी हवा हवी असेल. "मग गच्चीवर जा की," मी म्हणाले.

आपा इतक्या हसल्या की त्यांचा चहा बशीत सांडला. मग त्यांनी समजावलं. नवऱ्यानं बायकोला सोडलं तर तलाक, आणि बायकोनं स्वतः मागून घेतलेली सुटका म्हणजे खुला. "पण काळजी करू नकोस," त्या म्हणाल्या, "टीव्हीवर ती मागते फक्त. घेत नाही. शेवटच्या भागापर्यंत तो सुधारतो."

तसंच व्हायचं. आठ-दहा दिवसांत मला या मालिकांचा सगळा कायदा कळला. चांगल्या बाईच्या डोक्यावर ओढणी असते आणि हातात चहाचा ट्रे. वाईट बाईचे केस आखूड असतात, ती ऑफिसात जाते आणि फोनवर इंग्रजी बोलते. सासू दाराआडून ऐकते. नवरा आईचं ऐकून बायकोच्या थोबाडीत मारतो आणि ती थप्पड तीन वेगवेगळ्या बाजूंनी दाखवतात. बायको माहेरी जाते, तिथे वहिनी टोमणे मारते. काही वर्षांनी नवऱ्याला सत्य कळतं किंवा मोठा आजार होतो, बहुतेक दोन्ही. मग तो हात जोडतो, तिच्या डोळ्यांतून एकच थेंब येतो, तोही एकाच डोळ्यातून, आणि ती माफ करते.

"तुमच्या देशात अशाच असतात का हो बायका?" मी एकदा विचारलं.

आपा चिडल्या. "माझी भाची कराचीत सर्जन आहे. तिच्यासमोर वॉर्डबॉयपासून नवऱ्यापर्यंत सगळे उभे राहतात. माझी नणंद शाळा चालवते. पण टीव्हीवर डॉक्टरीण दिसली की समज, ही कुणाचा तरी संसार मोडणार. आणि तुमच्या मालिकांत काय वेगळं असतं?"

मी आमच्या मराठी मालिकांतल्या, झोपतानाही दागिने न काढणाऱ्या सुना आठवल्या आणि आपांच्या कपात आणखी चहा ओतला.

माझे यजमान सुरुवातीला या सगळ्यापासून लांब होते. गाड्यांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस. दोन वाजले की लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलाशी जायचे आणि तिथून शेरे मारायचे. एकदा पडद्यावरचा नवरा म्हणाला, "मुझे तुम से कोई शिकवा नहीं." तिकडून लगेच प्रश्न आला, "काय शिकवू नको म्हणतोय तिला? ड्रायव्हिंग?" शिकवा म्हणजे तक्रार, हे आपांनी सांगितल्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे. तक्रार नाही म्हणणाऱ्याचीच सगळ्यात मोठी तक्रार असते." तिसऱ्या आठवड्यात त्यांची खुर्ची दहा फूट पुढे आली. चौथ्या आठवड्यात आपांना सर्दी झाली, त्या आल्या नाहीत, आणि दोन वाजून पाच मिनिटांनी हे अस्वस्थ होऊन म्हणाले, "आज लावायचं नाही का?"

मी मात्र बघताना शांत बसूच शकत नसे. "अगं, परत जाऊ नकोस! बॅग उचल!" असं ओरडायचे. आमची मुलगी शिकागोत वकील आहे. तिनं व्हिडिओ कॉलवर ऐकलं आणि म्हणाली, "मॉम, हू आर यू येलिंग अ‍ॅट? डॅड?" मी म्हटलं, नाही, टीव्हीतल्या बाईवर. तिनं दोन मिनिटं गोष्ट ऐकून घेतली आणि निकाल दिला, "दॅट्स अब्यूज. शी नीड्स अ लॉयर." मी तो निकाल आपांना माझ्या हिंदीत सांगितला. आपा म्हणाल्या, "बच्ची समझदार है, लेकिन वकील आली तर मालिका चौथ्या भागातच संपेल."

आम्ही बघत होतो त्या मालिकेचा शेवटचा भाग एका गुरुवारी आला. नायिकेला नवऱ्यानं पोटुशी असताना घराबाहेर काढलं होतं. पाच वर्षं तिनं शिवणकाम करून मुलगी वाढवली. आता तो हॉस्पिटलात, नळ्या लावलेला, आणि ही दारात उभी. मी कुशीतली उशी घट्ट धरली. यजमानांनी शेंगदाणे खायचे थांबवले. त्यानं हात जोडले. म्हणाला, माझी चूक झाली, मी तुझं आयुष्य वाया घालवलं. तिनं त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. संगीत वाजलं. आपा ओढणीनं डोळे टिपू लागल्या.

माझं डोकंच फिरलं. "याच्यासाठी बत्तीस भाग बघितले का? पाच वर्षं कुठे होता हा? आणि हिला एका वाक्यात सगळं विसरायला झालं? आपा, तुम्ही रडताय काय? अशा बायका दाखवतात म्हणून तर पुरुष सुधारत नाहीत!"

आपांनी शांतपणे डोळे पुसले. "विसरली कुठे? माफ केलं तिनं. आणि त्यानं बोलावून घेतलं तरी, माफी मागायला. हे काय कमी आहे?"

"काय मोठं केलं त्यानं?"

"मोठंच असतं ते," आपा म्हणाल्या. "माझा पहिला नवरा नाही आला."

मला वाटलं, मला उर्दू कळली नाही. पण आपा सहज सांगत होत्या, हातातला कप फिरवत. चोविसाव्या वर्षी, कराचीत, हात उचलणारा पहिला नवरा. एका सकाळी त्या आपल्या अब्बांबरोबर काझीकडे गेल्या आणि खुला घेऊन आल्या. सगळ्या नातेवाइकांनी समजावलं, की सहन कर, माफ कर, बाईचं मन मोठं हवं. "मी म्हटलं, मोठं करीन मन, पण त्यानं मागायला तर यावं. मी तीन महिने वाट बघितली. तो आला नाही. मग मी गेले." नंतर चार वर्षांनी त्यांचं आत्ताच्या नवऱ्याशी लग्न झालं, जे समोरच्या घरात दुपारी टोपी घालून घोरत असतात आणि ज्यांना आम्ही भाईसाहेब म्हणतो.

"मग या माफ करणाऱ्या बायका बघून तुम्हाला राग नाही येत?" मी विचारलं.

"त्या बायकांसाठी कोण बघतं?" आपा म्हणाल्या. "मी हात जोडणाऱ्या नवऱ्यांसाठी बघते. दर शेवटच्या भागात एक तरी येतोच. मला बरं वाटतं."

मला हसू आलं. आणि हसता हसताच मी बोलून गेले, "आपा, तुम्ही निदान मागण्याची वाट तरी बघितलीत. मी तर कुणी न मागताच माफ करून बसले."

मी नागपूरहून एमबीबीएस होऊन लग्न करून इथे आले होते. इथल्या परीक्षा दिल्या, दोनदा, मुलीला मांडीवर घेऊन. मग दुसऱ्या राज्यात, बफेलोच्या एका हॉस्पिटलात रेसिडेन्सी मिळाली, म्हणजे इथे डॉक्टर व्हायला लागणारी प्रशिक्षणाची जागा. पत्र आलं तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती आणि यांना नुकतीच बढती मिळालेली. हे रागावले नाहीत, नको म्हणाले नाहीत. पत्र वाचून घडी घातली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी बघितलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी लॅब टेक्नॉलॉजिस्टचा कोर्स केला आणि अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या पेशंटचं रक्त तपासलं. काम चांगलं होतं, माणसं चांगली होती. मला कधी कुणी थोबाडीत मारली नाही की घराबाहेर काढलं नाही. त्यामुळे तक्रार करण्यासारखं काही आहे असंच मला वाटायचं नाही.

हे सगळं मी आपांना सांगितलं. खुर्चीत बसलेल्या माणसाचा मला त्या क्षणी विसर पडला होता, असं मी नंतर म्हणाले. खरं तर पडला नव्हता. ते उठले, शेंगदाण्यांची वाटी आत नेऊन ठेवली आणि फावडं घेऊन बर्फ काढायला गेले. त्या दिवशी बर्फ पडलाच नव्हता.

पुढचे तीन दिवस घर फार शांत होतं. ते चहा करायचे, माझ्या गोळ्या वेळेवर द्यायचे, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवायचे आणि दुपारी भाईसाहेबांकडे जायचे. आपा मला बातम्या आणायच्या. "दोघं गराजमध्ये बसलेत. माझा नवरा तुझ्या यजमानांना शिकवतोय."

"काय?"

"माफी कशी मागायची ते. त्याला चाळीस वर्षांचा अनुभव आहे." आपांच्या आवाजात अभिमान होता. "तो सांगत होता, फुलं नेऊ नका, फुलं नेली की बायका विचारतात, काय केलंत. आणि 'पण' हा शब्द वापरू नका. 'माझं चुकलं, पण' म्हटलं की सगळं पाण्यात."

सोमवारी सकाळी मी पलंगावर पडून पाय वर-खाली करायचा व्यायाम करत होते. वीस वेळा करायचा, दुखायचं भयंकर. हे आले, कडेची खुर्ची ओढून बसले. शर्ट इस्त्रीचा होता. खिशातून एक लिहून आणलेलं कार्ड काढलं, बघितलं, परत ठेवलं.

"मला बोलायचंय," ते म्हणाले.

"सोळा," मी म्हणाले. "वीस होऊ द्या."

ते थांबले. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. मी घाम पुसला.

"बफेलोचं पत्र आलं तेव्हा मी पुढच्या वर्षी बघू म्हणालो," ते म्हणाले. "पुढचं वर्ष येणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. तुला वाटत असेल मला कळलं नाही. कळलं होतं. माझं चुकलं. प..." त्यांनी तोंड मिटलं. 'पण' गिळताना मी माणूस पहिल्यांदा पाहिला. "माझं चुकलं," ते पुन्हा म्हणाले. "मला माफ कर."

इतकी वर्षं मी समजत होते की यांना आठवतच नाही. आठवत नाही म्हणून मी माफ केलं होतं. लहान मुलाला करतो तसं. आता कळलं की त्यांना रोज आठवत होतं, आणि मला अचानक प्रचंड राग आला. पस्तीस वर्षांचा, एकदम ताजा. टीव्हीवर हे कधी दाखवत नाहीत. तिथे माफी मागितली की राग जातो. माझा त्या दिवशी आला.

"मी विचार करते," मी म्हणाले.

"किती दिवस?"

"ते मी नाही सांगणार."

ते मान हलवून उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "चहा टाकू?" मी म्हटलं, टाका.

मी आठवडाभर रागावले. मनापासून, व्यवस्थित रागावले. बारीकसारीक गोष्टी काढून बोलले, एकदा पोळी परत पाठवली, एकदा भर जेवणात रडले. त्यांनी ऐकून घेतलं. मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी स्वतः तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "डॅड, दॅट वॉज नॉट ओके." ते म्हणाले, "आय नो." मी स्वयंपाकघरात काठीवर रेलून हे ऐकत होते.

पुढच्या मंगळवारी फिजिओथेरपीहून आम्ही परत येत होतो. वाटेत किराणा घेतला होता, मागच्या सीटवर पिशव्या होत्या. मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. रस्त्याकडेच्या बर्फाचा काळा चिखल झाला होता आणि काही म्हणता काही सुंदर दिसत नव्हतं. मला आतून तपासून बघावंसं वाटलं, दाढ दुखायची थांबली का बघायला जीभ फिरवतो तसं. दुखत होतं, पण कमी.

"अहो," मी म्हणाले, "केलं माफ."

शेजारून एक मोठा ट्रक गेला. "काय म्हणालीस?"

"माफ केलं म्हटलं! आणि सिग्नल हिरवा झालाय."

ते सावकाश गाडी चालवत घरी आले. गराजमध्ये गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि पट्टा न काढता स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून राहिले. मी पाचेक मिनिटं त्यांच्याबरोबर बसले. मग गुडघा आखडायला लागला, आणि मागे फ्रोजन मटार होते. "उतरा आता," मी म्हणाले, आणि त्यांनी माझ्या बाजूला येऊन दार उघडलं.