चौथ्या बाटलीबद्दल मी जे बोललो

हे कुणालाच ठाऊक नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट सांगता येणार नाही.

आम्ही चौघं मित्र. दर दोन महिन्यांनी जुन्नरला माझ्या गच्चीवर जमतो, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि कोणती वाईन कोणती ते ओळखतो. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून माझी जीभ प्रमाण. मी चांगली म्हटलं की चांगली. हा मान मला किती आवडायचा — सांगू? फार.

सोपान आमच्यातला द्राक्षबागायतदार. शेडमध्ये तो स्वतःच्या द्राक्षांची वाईन करून बघत होता. दोन वर्षं फसली. साखर कशी मोजायची, भांडी कशी उकळायची, हे मीच शिकवलेलं. मीही घरी दोनदा केली होती — दोन्ही वेळा मोरीत ओतली.

त्या संध्याकाळी चार बाटल्या होत्या. तीन चाखून झाल्या. चौथीचा ग्लास नाकाशी नेला आणि थांबलो. सोपान ग्लासाकडं बघत नव्हता. माझ्या तोंडाकडं बघत होता. ही कुणाची — मला लगेच कळलं.

आणि ती चांगली होती. नुसती चांगली? त्या संध्याकाळची सगळ्यांत चांगली. पिकल्या जांभळाचा वास, शेवटी जिभेवर रेंगाळणारा हलका तुरटपणा. मला जे कधीच जमलं नाही, ते.

तिघंही माझ्या निकालाची वाट बघत होते. एक शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो?

मी ग्लास खाली ठेवला. "बिघडलीये," म्हणालो. "व्हिनेगरकडं चाललीये."

बाकीच्या दोघांनी पुन्हा घोट घेतला. एक म्हणाला, "मला आधीच शंका आली व्हती." आली नव्हती. माझ्यानंतर आली.

सोपाननं स्वतःच कागद सोडला. बाटलीला लेबल नव्हतं.

"माझीच व्हती, राव," तो हसला. "बरं झालं तू बोललास. आमी उगं लोकांना पाजत बसलो असतो."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला — धीर दिल्यासारखा.

रविवारी त्यानं त्या वाईनचे दोन ड्रम शेडमागच्या पाण्याच्या चारीत ओतले. मी मदतीला गेलो होतो. हो — गेलो होतो. दुसरा ड्रम मीच कलता केला. पुढच्या हंगामात त्या वाईनच्या द्राक्षांच्या वेली काढून त्यानं टोमॅटो लावला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आम्ही अजून जमतो. गेल्या महिन्यात त्याच्या घरी जेवायला होतो. त्याची मुलगी आता शेतीचं शिकते. जेवताना म्हणाली, "पप्पा, आपण परत वाईन करून बघायची का?"

सोपाननं माझ्याकडं बोट केलं. "काकाला इचार. लई नाद केला मी, पण आपल्या हाताला ते न्हाई."

ती माझ्याकडं वळली.

"खरंय," मी म्हणालो.