उष्टा वारा

शिरूर अनंतपाळच्या माळावर पवनचक्क्यांच्या देखभालीला मी लागलो तेव्हा नांदेडच्या आयटीआयमध्ये माझ्या बाकावर बसणारा मित्रही सोबत होता. त्याच्याकडे पश्चिमेची पहिली चक्की आली, माझ्याकडे तिच्या बरोबर मागची. आमचा खरा हंगाम पावसाळ्याचा आणि वारा पश्चिमेचा. तो आधी त्याच्या पात्यांवर यायचा, ताजा, सरळ. जोर निघून गेलेला, भोवरे पडलेला उष्टा वारा मग माझ्याकडे.

साहेब रोज सकाळी फळ्यावर प्रत्येक चक्कीची वीज लिहायचे. त्याचा आकडा वर, माझा खाली. भोवऱ्यांनी हादरून माझ्या चक्कीचे बोल्ट ढिले व्हायचे आणि मी सारखा शिडी चढत असायचो. तो खाली चहा पीत म्हणायचा, "तुझी मशीन लई नाजूक हाय गड्या." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोलू, त्याचं एखादं पातं तडकावं असं मला मनापासून वाटायचं. खंडेनवमीला त्याच्या चक्कीच्या दाराला घातलेला झेंडूचा हार माझ्या हारापेक्षा जाड होता, हेही मी विसरलो नाही.

दिवाळीनंतर आमच्यातला एक जण सुपरवायझर होणार होता आणि निवड फळ्यावरूनच होणार होती. चिडून मी साहेबांना दोन पानी अर्ज लिहिला. पुढची चक्की वाऱ्याला जराशी तिरकी ठेवा, म्हणजे भोवरे बाजूने निघून जातील आणि मागचीला नीट वारा मिळेल. पावसाळी सकाळी ढग खाली उतरले की त्याच्या पात्यांमागून निघणारे पांढरे पट्टे मी वरून पाहिले होते, त्यावरून हे सुचलं. साहेबांनी अर्ज फाईलला लावला. सुपरवायझर तोच झाला.

पण त्याची चक्की मला मिळाली. पहिल्यांदा तिच्या माथ्यावर चढलो, तोंडावर सरळ वारा आला आणि मी एकटाच हसत बसलो. मागची चक्की हदगावहून आलेल्या नव्या मुलीला दिली. तिची मला जराही दया आली नाही.

मृग लागला आणि मित्र एक कागद घेऊन आला. माझाच अर्ज, मंजूर झालेला.

"तुझंच खरं निघालं," तो म्हणाला. "दिवाळीपासून साहेबांच्या मागं लागून राहिलो मी. कागदावर नाव तुझंच ठेवलंय."

माझी चक्की तिरकी झाली. दोन्हींची मिळून वीज वाढली. सगळे माझी पाठ थोपटत होते आणि मी फळ्याकडे बघत होतो. माझा आकडा उतरला होता, तिचा चढला होता.

खंडेनवमीला ती दोन हार घेऊन आली. "दादा, तुमच्यामुळं माझी मशीन हादरत न्हाई आता. हा तुमच्या चक्कीला." तिने हार माझ्या हातात दिला, आणि दुसरा बांधायला आपल्या चक्कीकडे निघाली. मीही मागोमाग गेलो. ती दाराच्या शिडीवर चढू लागली. मी म्हटलं, दे, धरतो. दोन्ही हार हातात तोलून पाहिले. तिचाच जाड होता.