पातेल्यात ओतलेली बिअर

ऑफिसच्या ग्रुपबरोबर बेल्जियमला निघालेल्या नातीने मोबाईल पुढे केला. फोटोत काळ्या भांड्यात वाफाळते शिंपले होते. "दादी, दे कुक इट इन बिअर!" ती म्हणाली, आणि माझी कानशिलं तापली.

साठच्या दशकात माझा नवरा दुबईत एका बेल्जियन इंजिनिअरचा ड्रायव्हर होता. एका शुक्रवारी साहेबाने मायदेशाहून आलेल्या पाहुण्यांना खाडी, बाजार दाखवून आमच्याकडे जेवायला आणलं. मी नारळाच्या रसात तिसऱ्या, म्हणजे आपले शिंपले, शिजवल्या होत्या. घरभर घमघमाट सुटला होता. एक पाहुणा हसत चुलीपाशी आला, त्याने सोबत आणलेली बाटली उघडली आणि बिअर सरळ माझ्या पातेल्यात ओतली. आंबूस वाफ उठली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी पातेलं उचललं आणि सगळ्यांदेखत दारातल्या वाळूत उपडं केलं. "खलास!"

"अगं, माझी नोकरी जाईल," नवरा पुटपुटला.

"जाऊ दे. आपल्या घरात हराम शिजणार नाही."

नोकरी गेली नाही. साहेबाने दुसऱ्या दिवशी येऊन माफी मागितली. तो पाहुणा मात्र आला नाही.

"ही मेंट वेल, दादी," सगळं ऐकून नात म्हणते. असेलही. आता वाटतं, त्याने कौतुकानेच ओतली असेल. पण चुलीपाशी मी उभी होते, आणि त्याने मला विचारलंसुद्धा नाही.