नवसाआक्काचा सारवलेला कुकर

आमच्या गंगापूर रस्त्याच्या मळ्यांत देव पुष्कळ, पण रोज सकाळी शेणानं न्हाणारा एकच : नवसाआक्काचा कुकर.

नवसाआक्का माझी बांधाला बांध असलेली शेजारीण. नवरा गेलेला, एकुलता बारकू मनमाडला रेल्वेत. आक्का शेवंती तोडायची आणि पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीत विकायची. चुलीच्या धुरानं डोळे असे अधू झालेले की एकदा तिनं मला म्हैस समजून शेवंतीतून हाकललं. मी अंगानं भरलेली आहे, कबूल; पण शिंगं कुठून आणू?

चौतीस सालच्या दिवाळीला बारकूनं हा कुकर आणला. हिरवा रंग दिलेला उभा लोखंडी डबा, आत एकावर एक पितळी डबे, खाली कोळशाची शेगडी. म्हणाला, "आई, क्वार्टरात चूल चालत नाय. यावर रांधायला शीक, पुढल्या दिवाळीला तुला घेऊन जातो."

आक्कानं ते बोलणं पदराच्या गाठीला बांधलं. डाळ-भात महिन्याभरात जमला. पण रात्रीची चूल सकाळी सारवल्याबिगर पेटवायची नाही, ही तिच्या आईची शिकवण. आणि ज्यावर शिजतं ती चूलच की! शेणाचा ओला पोतेरा घेऊन ती रोज अख्खा कुकर सारवी, वर हळदीकुंकवाची बोटं ओढी.

"आक्का, लोखंड आहे ते. गंजेल!"

"तुझी जीभ एवढी भिजलेली असती, ती नाय गंजत!"

वर्षात हिरव्या रंगाचे पोपडे सुटले आणि खालून तांबडा गंज वर आला. तेवढ्यात दिवाळी आली आणि सांगावा आला, बारकू सुनेला घेऊन परवा येतोय. आक्काच्या तोंडचं पाणी पळालं. विटकरीच्या भुग्यानं घासून घासून तिनं बोटं सोलून घेतली. मग कुकर डोक्यावर घेऊन निघाली पंचवटीत, टांगे रंगवणाऱ्या रहेमानकडे. मागून मी ओरडत होते, "बाजूला व्हा, आक्काच्या देवाची पालखी आली!"

रहेमाननं रंग दिला, पण बजावलं, "मावशी, हा टांग्याचा रंग. विस्तव सोसायचा नाही त्याला. निदान आठ दिवस पेटवू नका."

"लेकरू परवा येतंय रे माझं. त्याला काय थंड कुकर दाखवू?"

बारकू आला, तशी मीही बांध ओलांडून गेले. आक्कानं पहाटेच नव्या रंगावरून शेण सारवून ठेवलं होतं. निखारे घातले आणि डाळीआधी रंगच शिजला. फोड आले, काळा धूर घरभर झाला, शेण करपलं. सून नाकाला पदर लावून अंगणात.

"आई, वर्षात वाटोळं केलंस! तुला क्वार्टरात आणून काय घर जाळून घेऊ?"

"शिकले रे मी. भात लय मऊ होतो. आजच तेवढं..."

सून दारातूनच म्हणाली, "आमच्या आईनं बघा, तसलाच कुकर आरशासारखा ठेवलाय. आखाडापासून आमच्याकडंच रांधतीय, पण धुराचं नाव नाय."

बारकू खाली बघायला लागला. आखाड म्हणजे चार महिने झाले! दोन खोल्यांच्या क्वार्टरात एकच म्हातारी मावते, आणि ती जागा कधीच भरली होती. बिचाऱ्या कुकरच्या डोक्यावर फुकट खापर. मी तोंड उघडणार, तर आक्कानं हातानंच थांबवलं. मला गप्प करणं यमाला जमायचं नाही, तिला जमलं.

ती एवढंच म्हणाली, "जेवून तरी जा."

"वास मारतोय अन्नाला," म्हणून बारकू दुपारच्याच गाडीनं गेला. धूर मात्र घरात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून पाहिलं, तर आक्का पोतेरा घेऊन त्या काळ्या, फोड आलेल्या डब्यापुढे बसलेली.

"अगं आक्का, आता कशाला?"

तिनं मान वर केली नाही. "लेक गेला म्हणून चूल पारोशी ठिऊ व्हय?"