छत्रीचे पंख

शिवाजी पेठेत आक्काच्या शिलाई मशीनपेक्षा तिचं तोंड जास्त चालतं. "झाला का ब्लाऊज?" असं दोनदा विचारणाऱ्या बाईला ती कापडासकट घरी पाठवते. पण यंदा गणपतीत तिला आलेला राग साधा नव्हता.

गल्लीतल्या मंडळाचा सजीव देखावा होता. परदेशातलं एक फूल. त्यावर दिवसा हमिंगबर्ड येतो, रात्री लांब जिभेचं वटवाघूळ. दोघंही हवेत तरंगत मध पितात. पक्ष्याचे पंख पिसांचे, वटवाघळाचे लांब बोटांवर ताणलेल्या कातडीचे. आक्कानं पक्ष्याला हिरवी साटीन लावली, वटवाघळाला मोडक्या छत्र्यांच्या काड्या आणि काळं कापड. पक्षी झाली होती शेजारची सोनम, वटवाघूळ आक्काची लेक मोना. चारचौघांत बोलायलाही लाजणारी मोना पहिल्यांदाच लोकांपुढं उभी राहणार, म्हणून आक्का शिवताना चक्क गुणगुणत होती.

देखावा सुरू व्हायच्या दिवशी सकाळी मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह दारात आले. "आक्का, वटवाघूळ कॅन्सल. देवापुढं अपशकुन नको."

आक्काचं टाळकं सरकलं. "देवाच्या पायाशी उंदीर चालतोय, आणि वटवाघूळ चालंना? त्यो पक्षी पितोय त्योच मध हेबी पितंय की! रंगीत न्हाय म्हणून माझी पोरगी बाहेर व्हय?"

"ठरलंय आता," म्हणत ते चालते झाले.

आक्काचा हात कात्रीवर गेला. मोना "आई, नको" म्हणेपर्यंत काळ्या पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या.

संध्याकाळी गल्ली भरली. आक्का आणि मोनाही गर्दीत येऊन बसल्या. निवेदन आधीच रेकॉर्ड केलेलं. त्यातून वटवाघूळ काढायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सोनम नाचून गेली, दिवे मंदावले आणि स्पीकरमधून भारदस्त आवाज आला, "रात्र झाली. फूल तेच, पाहुणा दुसरा!"

स्टेज रिकामं. शिट्ट्या सुरू झाल्या. "आवं, पावणं कुठं हाय?" लोक ओरडायला लागले.

विजयसिंह घामाघूम होऊन गर्दीतून आले. "आक्का, पाया पडतो. मोनाला वर चढीव. पंख आण!"

मोना ताडकन उठली. काळा ड्रेस ती घरूनच घालून आली होती, हे आक्काला आत्ता दिसलं. पंख बांधून घ्यायला मोनानं दोन्ही हात पसरले आणि मग तिलाच आठवलं. ते हात हळूहळू खाली आले.

आक्काला विजयसिंहाला फाडून खावंसं वाटत होतं. पण पंख त्यानं फाडले नव्हते.