पाहुण्याचं बटण

दिघीतल्या त्या घराची बेल वाजवली की रेडकर काका दार उघडायचे आणि मी काही विचारायच्या आत सांगायचे, "हे सूर्यवंशी. आमचे पाहुणे. कालच आलेत." पाहुणे तेव्हा बनियनवर बसून मेथी निवडत असायचे. पहिल्या वेळी मी मान डोलावली. सहा महिन्यांनी गेले तेव्हाही पाहुणे कालच आलेले होते, फक्त मेथीच्या जागी गवार होती.

माझं काम तेव्हा टीव्हीच्या मीटरचं होतं. मीटर म्हटलं की लोकांना विजेचं वाटायचं आणि स्कूटर लावेपर्यंत दोन-तीन जण बिलाची तक्रार घेऊन यायचे. आमचं मीटर म्हणजे टीव्हीशेजारी ठेवलेलं एक लहान खोकं आणि त्याचा वेगळा रिमोट. त्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाला एक बटण दिलेलं. टीव्हीसमोर बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की पुन्हा दाबायचं. कुठल्या वयाचं माणूस काय बघतं ते त्यातून कळतं. कोणत्या घरात खोकं आहे हे बाहेर सांगायची बंदी असते. ते खोकं आता त्या घरात नाही आणि मीही त्या नोकरीत नाही, म्हणून सांगता येतं.

बसवायला गेले त्या दिवशी मी विचारलं, "घरात कोण कोण असतं काका?"

"मी एकटा."

"आणि हे?"

"पाहुणे," काका म्हणाले. त्यामुळे एक नंबरचं बटण काकांचं झालं आणि सूर्यवंशींच्या वाट्याला पाहुण्याचं बटण आलं. या बटणाची एक कटकट असते. घरच्या माणसाचं वय खोक्याला माहीत असतं, त्याने एकदा दाबलं की काम झालं. पाहुण्याला मात्र दर वेळी पुरुष की बाई आणि वय किती ते सांगावं लागतं. इतर घरांतले पाहुणे दोन दिवसांत कंटाळतात आणि बटणाला हात लावत नाहीत. सूर्यवंशी रोज संध्याकाळी न चुकता सांगायचे.

"रोज सांगायलोय माय ह्या डबड्याला," ते मला म्हणायचे. "पुरुष, वय एकाहत्तर. रोज इसरायलंय."

रेडकर काका मूळचे मालवणकडचे. भोसरीच्या एका कंपनीत तपासणी खात्यात नोकरी केलेली. सूर्यवंशी लातूरकडचे, त्याच कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते. दोघांनी तरुणपणी जेवणाच्या सुट्टीत एक डबा वाटून खायला सुरुवात केली, एवढंच मला सूर्यवंशींनी सांगितलं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण एकाच दोरीवर वाळणारे दोघांचे कपडे, औषधांचा एकच डबा, आणि काकांनी "अहो" म्हटल्याबरोबर आतून येणारी चष्म्याची डबी, हे बघायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नोंद झाली की चौकशी आली." तपासणी खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा तो अनुभव असावा. मापात खोट सापडली आणि ती लिहिली की साहेब येणार, कारण विचारणार, कुणीतरी अडकणार. घरातही त्यांनी तोच नियम लावला होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंसाठी सूर्यवंशी मावसभाऊ होते, सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी भाडेकरू आणि माझ्यासाठी पाहुणे. ही तिन्ही उत्तरं एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून काकांनी माणसं घरी बोलावणंच बंद केलं होतं. दिवाळीत फराळाची ताटं जिन्यातूनच घेतली आणि दिली जायची. लष्कराच्या हद्दीकडे उघडणारी खिडकी तेवढी कायम उघडी असायची, कारण त्या बाजूला बघणारं कुणी नव्हतं. दोन माणसं एका घरात राहून इतकी एकटी असू शकतात हे मी तिथे पाहिलं.

शेवटी आमच्या साहेबांनीच विचारलं, "अहो, तो पाहुणा जात का नाही?" नियम असा होता की पाहुणा फार दिवस राहिला तर तो घरचा धरायचा आणि त्याला स्वतःचं बटण द्यायचं. लग्न, रक्त, आडनाव, आम्ही काही विचारत नव्हतो. जो इथे राहतो तो इथला. मला हा नियम फार आवडायचा. उत्साहाने दिघीला गेले आणि म्हटलं, "काका, सूर्यवंशी काकांना दोन नंबरचं बटण देते. मग रोज वय सांगायला नको."

सूर्यवंशींचे हात शेंगांवर थांबले. ते काकांकडे बघत राहिले.

"नको," काका म्हणाले. "नोंद झाली की चौकशी आली. ते जाणारच आहेत."

"कधी?"

"जातील गो! तुका काय करूचा आसा?" काका चिडले की मालवण बाहेर यायचं.

सूर्यवंशींनी गवार पुन्हा पुढे ओढली. "राहू दे माय," ते मला म्हणाले. "पाहुण्याचं बरं असतंय. कामं लागत नाहीत." मग उठून त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला.

त्यानंतर काही महिन्यांनी ती मालिका सुरू झाली. दोन म्हातारे, एक पेन्शनर कारकून आणि एक पेटी शिकवणारा, नवरा-बायको राहतात तसे एका फ्लॅटमध्ये राहतात आणि दिवसभर कुरकुर करतात, अशी विनोदी मालिका. आमचं काम मोजण्याचं. मत विचारायचं नाही अशी सक्त ताकीद होती. पण खोकं तपासायला आलेल्या बाईला मत दिल्याशिवाय मराठी माणूस जाऊ देईल का?

वाकडच्या एका उंच इमारतीत सूनबाई म्हणाल्या, "खूप छान आहे. असं दाखवायलाच हवं." सासूबाई मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या आणि दार बंद होता होता म्हणाल्या, "आम्हाला नाही बाई आवडत. पण ती लावते, मग बसावं लागतं." भोसरीतले एक गृहस्थ म्हणाले, "हे काय राव, घरात पोरं असतात. बघायचं तरी कसं?" आणि मग त्यांनी मला मागच्या आठवड्याचे सगळे भाग बारकाव्यांसकट सांगितले. महाळुंग्यातल्या एका आजीला सगळ्यात मोठी अडचण स्वयंपाकाची होती. "दोगं बी भांडत्यात झ्याक," त्या म्हणाल्या, "पर घरात बाई न्हाई, मंग भाकरी कोन थापतंय?" मग जरा वेळाने म्हणाल्या, "पर एकमेकाला हायेत की दोगं. मला चार ल्योक हायेत, आन च्या माजा मीच करून पिती."

ही सगळी मतं मी दिघीला पोहोचवायचे, कारण सूर्यवंशी दार उघडल्या उघडल्या विचारायचे, "काय म्हणायलेत माय लोक?" काका पेपर वाचत असल्यासारखे बसायचे, पण मी बोलत असेपर्यंत पान उलटायचं नाही. आजींचं बोलणं सूर्यवंशींनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. "एकमेकाला हायेत की," त्यांनी स्वतःशीच म्हणून पाहिलं. "बघा रेडकर, लोक काय म्हणायलेत."

"ती टीव्हीतल्या माणसांबद्दल बोलतेय," काका पेपराआडून म्हणाले. "शेजारी राहायला आले तर विचार तिला."

"तुमचं काय मत आहे काका?" मी विचारलं.

पेपर खाली आला. "खोटी आहे मालिका," ते म्हणाले. "त्या घरात रोज दहा वेळा बेल वाजते. एकदा तरी कुणी उठून आत जातं का? दोघं तसेच बसून राहतात! असं कुठे असतं?"

इतक्या घरांत मी त्या मालिकेबद्दल ऐकलं, पण बेलबद्दल दुसरं कुणी बोललं नाही. मी आधी कळवून यायचे; इतर कुणाची बेल वाजली की या घरात कोण उठून आत जात असेल, ते त्या दिवशी मला कळलं. सूर्यवंशी हसले, खूप हसले, आणि डोळे पुसायला आत गेले. जिना उतरताना मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगते, काकांचा रागही येत होता.

मग सूर्यवंशी आजारी पडले. ही हकिकत मला काकांनीच नंतर सांगितली, खिडकीकडे तोंड करून. सकाळी दात घासताना सूर्यवंशी पडले, काकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" आणि काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आमच्याकडे पाहुणे आलेत." मग त्या मुलीने जे कुणालाही सांगितलं असतं तेच सांगितलं, की जवळच्या नातेवाइकांना बोलवा. दुसऱ्या दिवशी गावाकडून भाचा आला. चांगला मुलगा होता, काका म्हणाले. चार दिवस तो मामाजवळून हलला नाही, आणि मग मामाला गाडीत घालून गावी घेऊन गेला. निघताना काकांच्या पाया पडला. "मामांना इतके दिवस ठेवून घेतलंत, लई उपकार झाले," म्हणाला.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? त्यांची वाचा गेली होती. आणि मी... मी 'सावकाश न्या' म्हटलं."

त्यानंतर काकांचा मला पहिल्यांदाच फोन आला. "दोन नंबरचं बटण चालू करून दे," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, माणूस घरात असावा लागतो. ते आले की त्याच दिवशी येते." ते म्हणाले, "येतील. जरा बरे झाले की येतील." सूर्यवंशी आले नाहीत. काकांनी भाच्याला फोन केला तेव्हा दहावं होऊन गेलं होतं. कळवायचं राहून गेलं, भाचा म्हणाला, नंबर मामांच्या फोनमध्ये होता. पाहुण्याने ज्या घरी चार दिवस काढले तिथे आधी कळवायचं असतं, असं त्या बिचाऱ्याला तरी का वाटावं?

पुढे ऑफिसमधून मला पुन्हा दिघीला पाठवलं. त्या घराचा आकडा विचित्र येत होता. संध्याकाळी टीव्ही चालू असायचा, पण मालकाचं बटण बंद आणि पाहुण्याचं चालू. मालक घरात नाही आणि पाहुणा एकटाच रोज टीव्ही बघत बसतो, हे काय? त्या घरात खोकं ठेवायची मुदतही संपत आली होती, म्हणून येताना खोकंही काढून आणायचं होतं.

मी बेल वाजवली. काकांनी दार उघडलं आणि सवयीने बाजूला वळून, हात पुढे करून, "हे..." म्हणाले. मग हात खाली घेतला आणि म्हणाले, "ये, बस."

घर स्वच्छ होतं. दोरीवर एकच शर्ट वाळत होता. टीव्हीवर त्या मालिकेचा जुना भाग लागला होता, आवाज अगदी कमी.

"काका, हा पाहुणा कोण?" मी विचारलं.

"मीच."

"पण तुमचं बटण आहे ना? एक नंबरचं?"

"आहे." रिमोट त्यांच्या मांडीवर होता. "ते रोज सांगायचे, पुरुष, एकाहत्तर. माझ्याच शेजारी बसून सांगायचे. माझं बटण मी दाबायचो आणि मोकळा व्हायचो. म्हटलं बघू तरी, कसं वाटतं."

मग म्हणाले, "आपल्या घरात आपण कुणीच नाही, असं वाटतं गो. रोज वाटतं."

मालिकेतल्या घराची बेल वाजली. दोघे म्हातारे सोफ्यावरून हलले नाहीत. काका बघत राहिले आणि मी खोक्याच्या तारा काढायला लागले, कारण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तारा गुंडाळून झाल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "यात ते दिसतात? इतके दिवस बसले, ते?"

"दिसतात काका. पाहुणा म्हणून. नाव नसतं."

काकांनी रिमोट माझ्या हातात दिला, पण सोडला नाही.

"लिव," ते म्हणाले. आवाज मोठा होता. दार उघडंच होतं, आणि खालच्या बाई जिना चढत होत्या, तरी त्यांनी आवाज खाली घेतला नाही. "लिव गो बाय. माधव सूर्यवंशी. पाहुणो नाय. माझो माणूस."

खोकं बंद झालं होतं. त्यात लिहायला जागा उरली नव्हती, म्हणून इथे लिहिलं.